दाब किती, हे विचारता; मग मोजला कशाने, हेही विचारा

धान खरेदी केंद्रावर आमच्या भंडारा जिल्ह्यातला शेतकरी मशीनशी भांडतो. धानात ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला की माल परत. म्हणून तो विचारतो की मशीन कोणते, शेवटचे कधी तपासले, मूठभर धान कोणत्या पोत्यातून घेतले, दुसऱ्या मशीनवर पुन्हा लावून दाखवा. तो हुज्जत घालतो आणि बरोबरच करतो. वर्षभराची मेहनत एका आकड्यावर अडलेली असते.

हाच शेतकरी नेत्र तपासणी शिबिरात जातो. हनुवटी टेकवतो, डोळ्यावर हवेचा फुसकन झोत येतो, तो दचकतो. कोणीतरी म्हणते, "प्रेशर ठीक आहे, पुढे चला." तो पुढे जातो. किती ठीक? कोणत्या मशीनवर? एकदा मोजले की तीनदा? कागदावर काही लिहिले का? यातला एकही प्रश्न तो विचारत नाही. धान पुढच्या हंगामात पुन्हा येते. डोळ्याची नस एकदा वाळली की कोणत्याही हंगामात परत येत नाही.

मी डॉक्टर नाही. बी.एड. करून उर्दू आणि मराठी शिकवतो. पण हा विषय माझ्या घरात आला, आणि घरात आल्यावर मला जाणवले की यातला अर्धा गोंधळ मशीनचा आहे आणि अर्धा भाषेचा. भाषेचा भाग माझ्या कामातला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मराठीत दोन आजार आहेत, मोतीबिंदू आणि काचबिंदू. उर्दूत त्यांना आपण सफेद मोतिया आणि काला मोतिया म्हणतो. दोन्ही भाषांनी या आजारांना सख्ख्या भावांसारखी नावे दिली. मराठीत दोघांचे आडनाव बिंदू, उर्दूत दोघांचे नाव मोतिया. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते, एकाचे ऑपरेशन होऊन नजर परत येते तर दुसऱ्याचेही होईल. मोतीबिंदूबद्दल आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले आहे : "पिकू द्या, मग काढू." हेच वाक्य काचबिंदूला लावले की घात होतो. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवता येते. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस मरते. ती बदलता येत नाही. मोतीबिंदू वाट पाहू शकतो. काचबिंदूत वाट पाहिलेला प्रत्येक महिना हिशोबातून कायमचा वजा होतो. या दोन शब्दांतला फरक आपण घराघरांत नीट सांगितला तरी बरेच डोळे वाचतील.

आता दाबाकडे येऊ. इथेही एक गैरसमज आहे. डोळ्याचा दाब म्हणजे बीपी नव्हे. दंडावर पट्टा बांधून तो कळत नाही आणि बीपीची गोळी घेतल्याने तो आटोक्यात येतो असेही नाही. डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर जाते. हे अश्रूंचे पाणी नव्हे. येणारे आणि जाणारे पाणी सारखे राहिले की दाब ठीक राहतो. जाळी तुंबली, किंवा कोपराच बंद झाला, तर दाब वाढतो आणि मागे नसेवर ताण येतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा नेहमीचा पल्ला मानतात. बहुतेक वेळा दुखत नाही, लाली येत नाही, समोरचे अक्षर स्वच्छ दिसत राहते. नजर कडेकडेने जाते. माणसाला कळते तेव्हा दाराची चौकट, बाजूने येणारी मोटारसायकल, अंगणातली पायरी दिसेनाशी झालेली असते.

म्हणून मोजणे आले. पण डोळा फोडून आत नळी घालता येत नाही. सगळी यंत्रे बाहेरून अंदाज घेतात, आणि प्रत्येक यंत्राची अंदाज घेण्याची रीत वेगळी आहे. "कोणते मशीन चांगले?" हा प्रश्न मला शिक्षक-खोलीत, लग्नाच्या पंगतीत, मस्जिदीच्या ओट्यावर विचारला गेला आहे. त्याचे सरळ उत्तर देण्याआधी यंत्रांची ओळख करून घ्यावी लागेल.

सर्वांत जुने यंत्र म्हणजे बोट. पापणी मिटवून वरून दोन बोटांनी डोळा हलकेच दाबून पाहायचा. लंडनच्या विल्यम बोमन यांनी १८६२ मध्ये या तपासणीचा आग्रह धरला होता. आजही ती निरुपयोगी नाही. एखाद्या म्हातारीचा डोळा एका रात्रीत लालभडक झाला, डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, आणि तो डोळा बोटाखाली गोटीसारखा कडक लागतो, तर डॉक्टरला आकड्याची वाट पाहावी लागत नाही. हा अचानक कोपरा बंद झालेला काचबिंदू असू शकतो. अशा वेळी पित्त झाले म्हणून घरी बसायचे नाही, रात्रीच गाडी काढायची. पण १६ आणि २४ यातला फरक बोटाला कळत नाही. आणि काचबिंदूची खरी लढाई त्याच आकड्यांच्या आसपास चालते.

१९०५ मध्ये नॉर्वेच्या यालमार शिओट्झ यांनी आपले यंत्र आणले. रुग्णाला आडवे झोपवतात, डोळा बधिर करणारा थेंब टाकतात आणि बुबुळावर छोटे वजन ठेवतात. साडेपाच ग्रॅमपासून सुरुवात. वजनाची दांडी बुबुळात जितकी रुतेल तितका काटा पुढे जातो. गंमत अशी की काटा जितका कमी हलेल तितका दाब जास्त, म्हणून तक्ता पाहून आकडा काढावा लागतो. वीज लागत नाही, पेटीत मावते, वर्षानुवर्षे टिकते. आपल्या देशातल्या दवाखान्यांनी आणि शिबिरांनी पिढ्यान्पिढ्या याच यंत्रावर काम केले. दोष असा की डोळ्याची भिंत किती ताठ आहे यावर त्याचा आकडा फिरतो. जाड मायनस चष्मा असलेल्यांच्या डोळ्याची भिंत बहुधा सैल असते, दांडी जास्त रुतते आणि दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे ज्यांना काचबिंदूचा धोका आधीच जास्त, त्यांनाच यंत्र खोटा दिलासा देते.

मग स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात हान्स गोल्डमान यांनी ते यंत्र बनवले ज्याला आजही कसोटी मानतात. त्याबद्दलचे त्यांचे काम १९५७ मध्ये छापून आले. विचार सोपा आहे. फुगा सपाट करायला किती जोर लागला, त्यावरून आतल्या हवेचा दाब कळतो. बुबुळावर एक छोटा चपटा शंकू टेकवायचा आणि ३.०६ मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट होईपर्यंत जोर वाढवायचा. हाच विचित्र आकडा का? कारण या मापाला बुबुळाचा ताठपणा यंत्राला जितके बाहेर ढकलतो, तितकेच अश्रूंचे पाणी त्याला आत ओढते. दोन्ही फिटतात. शिवाय या मापाला एक ग्रॅम जोर म्हणजे बरोबर १० मिलिमीटर पारा, असा सरळ हिशोब बसतो. तपासताना डोळ्यात पिवळा रंग टाकतात, निळा प्रकाश पाडतात, आणि डॉक्टरला दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की आकडा वाचायचा.

गोल्डमानला स्लिट लॅम्प लागतो, बधिर करणारा थेंब लागतो, शिकलेला हात लागतो. प्रत्येक रुग्णानंतर शंकू जंतुमुक्त करावा लागतो. आणि शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा काटाही तपासावा लागतो. त्यासाठी सोबत एक दांडी येते, जी ०, २० आणि ६० या खुणांवर यंत्र खरे बोलते की नाही ते दाखवते. सोन्याचा काटासुद्धा महिनोन्महिने न तपासता वापरला तर तो सोन्याचा राहत नाही. याच पद्धतीचे हातात धरायचे रूप म्हणजे पर्किन्स टोनोमीटर. ते झोपलेल्या रुग्णावर, खाटेवर, ऑपरेशन थिएटरात चालते.

हवेचा झोत मारणारे यंत्र १९७२ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ग्रोल्मन यांनी मांडले. शिबिरात आणि चष्म्याच्या दुकानात आपल्याला बहुतेक हेच भेटते. झोत बुबुळ सपाट करतो, प्रकाशाची तिरीप त्यावरून परतून येते, आणि सपाट व्हायला काय लागले त्यावरून यंत्र हिशोब करते. डोळ्याला काही लागत नाही, थेंब नको, तंत्रज्ञ दोन दिवसांत शिकतो, रांग पटापट सरकते. पण हा सगळा खेळ काही हजारांश सेकंदांचा आहे. हृदयाच्या ठोक्यागणिक डोळ्यातला दाब थोडा वरखाली होतो. झोत नेमका कोणत्या क्षणी बसला त्यावर आकडा बदलतो. म्हणून प्रत्येक डोळ्यावर किमान तीन झोत मारून सरासरी घ्यायची असते. रांग मोठी आणि दुपार झालेली असली की एकाच झोतावर भागवले जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. झोताला घाबरून माणूस पापण्या आवळतो, श्वास रोखतो, आणि त्यानेही आकडा चढतो.

अलीकडे आणखी एक यंत्र आले, उसळी मारणारे. फिनलंडच्या अँटी कोंटिओला यांची ती कल्पना. टाचणीएवढी हलकी सळई बुबुळावर टपकन आदळून परत येते. डोळा जितका कडक तितकी ती लवकर थांबून परतते. चेंडू फरशीवर आणि गादीवर टाकून पाहा, समजेल. सहा वेळा आदळून यंत्र सरासरी दाखवते. स्पर्श इतका हलका की बधिर करणारा थेंब लागत नाही. लहान मुले, खुर्चीत नीट न बसू शकणारे वृद्ध, व्हीलचेअरवरचे रुग्ण यांच्यासाठी हे वरदान आहे. हातात मावते, म्हणून गावात नेता येते. मात्र प्रत्येक रुग्णाला नवी सळई लागते, तो खर्च चालूच राहतो. बुबुळ जाड असेल तर त्याचा आकडा वर झुकतो. पेनासारखे दिसणारे टोनोपेनही आहे. जखमेने किंवा डागाने बुबुळ खडबडीत झालेले असेल तिथे गोल्डमानपेक्षा तेच जास्त कामाला येते.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझ्या खालाचे वय पासष्टच्या पुढे. एका शिबिरात हवेच्या झोतावर "थोडे जास्त आहे" एवढेच सांगितले, आकडा नाही, कागद नाही. महिन्याभराने तालुक्याच्या गावी चष्म्याच्या दुकानात त्याच प्रकारच्या मशीनवर २४ निघाले. मग आम्ही त्यांना नागपूरला नेले. तिथे गोल्डमानवर आकडा आला १८. घरात आनंदीआनंद. मामू म्हणाले, "पाहिलं? दुकानातलं मशीनच खोटं. बाजीला काही नाही झालेलं." खालाही मला म्हणाल्या, "बेटा, अल्लाहचं करम आहे, चल घरी."

डॉक्टरीणबाईंनी जाऊ दिले नाही. त्यांनी बुबुळाची जाडी मोजली, ती पातळ निघाली. डोळ्याच्या मागे पाहिले, तर नसेच्या मधली खोलगट वाटी नको तितकी मोठी झाली होती. नजरेचा घेर तपासला, तर एका बाजूला कमी. म्हणजे आकडा सर्वांत दिलासा देणारा होता आणि आजार होता. गोल्डमान खोटे बोलला नव्हता. पण पातळ बुबुळ लवकर सपाट होते, कमी जोर लागतो, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. त्यात ती तपासणी दुपारची. डोळ्यातला दाब दिवसभर सारखा राहत नाही. काचबिंदूच्या रुग्णांत तर तो चांगलाच वरखाली होतो, आणि पुष्कळांचा तो रात्री आडवे झाल्यावर किंवा पहाटे सर्वांत जास्त असतो. त्या वेळी कोणताच दवाखाना उघडा नसतो.

हे आमच्या खालापुरते आहे असे समजू नका. २००६ ते २००८ या काळात नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मनीतल्या संशोधकांसोबत नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत मोठी पाहणी केली. तिचे नाव सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी. तिशीच्या वरची ४७११ माणसे तपासली. ही माणसे म्हणजे आपलीच, तीच माती, तेच ऊन, तीच शेती. त्यांच्या बुबुळाची सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. युरोपीय वंशाच्या लोकांत ती साधारण ५४० च्या आसपास असते. फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण यंत्रे ज्या देशांत बनली तिथल्या डोळ्यांपेक्षा आपल्याकडचे बुबुळ सरासरीने पातळ आहे, एवढा त्याचा अर्थ नक्की आहे. तेव्हा २१ ही रेषा आपल्या खेड्यात लक्ष्मणरेषा म्हणून वापरणे धोक्याचे आहे. आणि पातळ बुबुळामुळे आकडा कमी दिसतो एवढेच नाही. दाब जास्त असलेल्या लोकांचा अमेरिकेत काही वर्षे पाठपुरावा करून २००२ मध्ये निष्कर्ष छापले गेले. त्यांत पातळ बुबुळ हा पुढे काचबिंदू होण्याचा मोठा इशारा ठरला.

दाबावर सगळी भिस्त ठेवणे चुकीचे, हे त्याआधीच कळले होते. बाल्टिमोर शहरातल्या पाहणीने १९९१ मध्ये दाखवले की काचबिंदू असलेल्या सुमारे निम्म्या डोळ्यांत, तपासणीच्या वेळी, दाब २१ किंवा त्याहून कमीच होता. केवळ आकड्यावर चाळणी लावली तर निम्मे रुग्ण त्यातून खाली गळतात. उलट २४ आकडा असलेल्या कित्येकांना आजार नसतो, ते उगाच घाबरतात.

इथे कोणी म्हणेल, मग मोजायचेच कशाला? मोजायचे, कारण काचबिंदूत आपल्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे दाब. वय बदलता येत नाही, खानदान बदलता येत नाही, बुबुळ जाड करता येत नाही. थेंब, लेझर किंवा ऑपरेशन, सगळे उपचार शेवटी दाबच उतरवतात. ज्यांचा दाब आधीपासून "नॉर्मल" आहे त्यांनाही तो आणखी उतरवल्याने फायदा होतो. आणि उपचार लागू पडतात की नाही हे मागच्या आकड्याशी आजचा आकडा ताडूनच कळते. ताडण्यासाठी मोजमाप एकाच जातीचे हवे. जानेवारीत हवेच्या झोतावर २२, एप्रिलमध्ये गोल्डमानवर १८, म्हणून थेंब लागू पडला असे म्हणता येत नाही. कदाचित थेंबाने काहीच केले नसेल आणि फरक केवळ मशीनचा असेल. आपण एका किराणा दुकानात पायलीने मोजलेले धान आणि दुसरीकडे किलोने तोललेले धान यांची वजाबाकी करत नाही, तसेच हे.

म्हणून "कोणते मशीन चांगले?" याचे माझे उत्तर असे : निदान करायला आणि उपचाराचा हिशोब ठेवायला गोल्डमान, सोबत बुबुळाची जाडी. गावात, शाळेत, घरी खाटेवर पडलेल्या माणसापर्यंत पोचायला उसळीचे यंत्र. गर्दीत पहिली चाळणी म्हणून हवेचा झोत, पण तीनदा. काहीच नसेल तिथे जुने शिओट्झसुद्धा चालेल, वापरणाऱ्याला त्याची खोड माहीत असेल तर. आणि कोणत्याही यंत्रासोबत डोळ्याच्या मागची नस पाहणारी नजर हवीच. यंत्राचा मालक "आमचे सर्वांत आधुनिक" म्हणतो तेव्हा मला पुस्तकांचे विक्रेते आठवतात. नवीन छपाईचे पुस्तक म्हणजे चांगले शिक्षण नव्हे. कोणत्या वर्गात, कोणाच्या हातात, हे पाहावे लागते.

माझा खरा वाद मशीनशी नाही, शिबिराशी आहे. आपल्या देशात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याने मोतीबिंदूच्या बाबतीत केलेले काम मोठे आहे. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत किती आजी-आजोबा त्या एका ऑपरेशनमुळे पुन्हा सुई ओवू लागले, कुरआन शरीफ वाचू लागले, नातवंडांची तोंडे ओळखू लागले. पण शिबिराचे यश ऑपरेशनच्या संख्येत मोजण्याची सवय लागली की शिबिर ऑपरेशनलायक डोळेच शोधते. ज्याला मोतीबिंदू नाही त्याला "तुमचे ठीक आहे" म्हणून परत पाठवतात. काचबिंदूचा रुग्ण नेमका याच वाक्यावर विश्वास ठेवून दहा वर्षे घरी बसतो. भारतात चाळिशीच्या वरच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला होता. दक्षिण भारतातल्या गावोगावच्या पाहण्यांत सापडलेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हते. तपासणी होऊनही न कळणे हे तपासणी न होण्यापेक्षा वाईट, कारण त्यात खोटी निश्चिंती मिळते.

म्हणून शिबिर भरवणाऱ्या मंडळांना, मस्जिद कमिट्यांना, गणेश मंडळांना, बचत गटांना माझी एकच मागणी आहे. मंडप छोटा करा, सत्कार कमी करा, पण प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या. तिच्यावर पाच गोष्टी असाव्यात : दोन्ही डोळ्यांचा आकडा, तारीख, वेळ, यंत्राचे नाव, आणि डोळ्याची नस पाहिली की नाही. याला खर्च एका कागदाचा आहे. पुढच्या डॉक्टरला त्या कागदाची किंमत पाच-सहा महिन्यांच्या वेळेइतकी असते. रुग्णानेही मोजताना गळ्याचे बटण उघडावे, बायांनी गळ्याभोवतीची ओढणी किंवा स्कार्फ सैल करावा, श्वास रोखू नये. गळ्याभोवतीच्या घट्ट कपड्याने आणि रोखलेल्या श्वासाने दाब वाढून दिसतो.

आता एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी, कारण ती दरवर्षी घडते. रमजान आला की काचबिंदूचे कित्येक रुग्ण थेंब बंद करतात. "रोजा मकरूह होईल" म्हणून, किंवा थेंबाची कडू चव घशात जाणवते म्हणून. खालाने पहिल्याच रमजानात हेच केले. महिन्याभरात दुखले काही नाही, आणि हाच या आजाराचा कावा आहे. ईदनंतर मोजले तेव्हा आकडा २३ होता, त्याच गोल्डमानवर, ज्याने थेंब चालू असताना १३ दाखवले होते. मशीन एकच असल्यामुळे या वेळी वादाला जागाच उरली नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या आलिमांनी केव्हाच दिले आहे. हनफी फिकहमध्ये डोळ्यात औषध किंवा सुरमा घातल्याने रोजा तुटत नाही, चव घशात जाणवली तरीही. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्ये वैद्यकीय बाबींवर ठराव केला. रोजा न तोडणाऱ्या गोष्टींत तिने डोळ्याचे थेंबही धरले, घशात आलेले गिळू नये एवढ्या अटीवर. तरी मन मानत नसेल तर वाट आहेच. काही थेंब दिवसातून एकदाच, रात्री टाकायचे असतात. ते तरावीहनंतर टाका. दोनदा टाकायचे असतील तर सेहरीला आणि इफ्तारनंतर, पण वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरला की औषध घशाकडे फारसे जात नाही. चवही येत नाही आणि औषध डोळ्यातच राहून जास्त काम करते. हे रमजानपुरते नाही, बारा महिने करावे. आमच्या मौलाना साहेबांना मी विनंती केली, आणि त्यांनी रमजानच्या आधीच्या जुम्म्याला दोन मिनिटे हे सांगितले. त्या दोन मिनिटांनी शिबिराएवढे काम केले असेल. प्रत्येक मस्जिदीत ते व्हावे.

आणखी एक सूचना, जी कोणत्याही टोनोमीटरपेक्षा स्वस्त आहे. डोळा खाजतो, लाल होतो म्हणून मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका. त्यांतल्या पुष्कळ थेंबांत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. खाज एका दिवसात थांबते, म्हणून आई तीच बाटली वर्षभर मुलाच्या डोळ्यात टाकत राहते. काहींच्या डोळ्यात स्टेरॉइडने दाब चढतो आणि शाळकरी वयात काचबिंदू होतो. माझ्या वर्गात उन्हाळ्यात डोळे चोळणारी मुले दरवर्षी असतात. पालकसभेत मी निकालाआधी हा विषय घेतो.

शेवटी खानदानाचा मुद्दा. घरात एकाला काचबिंदू निघाला की त्याच्या सख्ख्या भावाबहिणींना आणि मुलांना धोका इतरांपेक्षा कित्येक पट असतो. आमच्या घरात खालानंतर अम्मी, मामू आणि आम्ही सगळी भावंडे तपासून आलो. मामूंचा आकडा १७ निघाला. ते लगेच उठायला लागले, तर आमची धाकटी बहीण म्हणाली, "मामू, बसा. १७ कशावर, आणि नस पाहिली का, ते विचारा आधी." मामूंनी विचारले. डॉक्टरांनी नस पाहिली, ती ठीक होती, आणि कागदावर यंत्राच्या नावासह सगळे लिहून दिले. पुढच्या वर्षी ते याच कागदासह जातील.

तुमच्या घरात चाळिशीच्या पुढचे जे कोणी आहेत, त्यांचा असा कागद आहे का, ते या आठवड्यात पाहा. नसेल तर करून घ्या.